एसओपीची झेरॉक्स चालत नाही: प्रत्येक विद्यापीठासाठी पत्र वेगळं का लिहायचं?

हदगाव : मागच्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका मुलीनं आम्हाला व्हॉट्सॲपवर तीन फाइल पाठवल्या. सोबत मेसेज होता, "सलाम सर, जरा नजर टाका. पहिल्या अर्जाला पाचच दिवस उरलेत." मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री झालेली. घरातली पहिली ग्रॅज्युएट. अब्बांची अडीच एकर जमीन, तीही इसापूर धरणाच्या कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. तिचे अर्ज तीन देशांत होते: नेदरलँड्सचं वागेनिंगन विद्यापीठ, जर्मनीचं ग्योटिंगन विद्यापीठ आणि इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या आवारातली 'आयडीएस' ही विकास अभ्यासाची संस्था.

तिन्ही फाइल उघडल्या. तिन्हींत एकच पत्र. विद्यापीठाचं नाव तेवढं बदललेलं, आणि तेही एका ठिकाणी बदलायचं राहून गेलेलं. त्यामुळे ससेक्सच्या पत्राचा शेवट असा झाला होता की, वागेनिंगनमध्ये शिकणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे.

आम्ही हसलो नाही. आमच्यापैकी एकानं काही वर्षांपूर्वी हीच चूक केली होती आणि त्याला त्या विद्यापीठाकडून साधं उत्तरही आलं नव्हतं. आम्ही काही मोठी संस्था नाही. दोघं शिक्षक, एक जण बाहेर शिकून आलेला, एक मुलगी अजून शिकतेय. मुलं फॉर्म घेऊन येतात, आम्ही सोबत बसतो. पण इतकी पत्रं वाचल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्या मुलांचे अर्ज मार्कांत मागे पडतात त्यापेक्षा जास्त या पत्रात मागे पडतात.

आधी हे पत्र म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात, म्हणजेच एसओपी. जर्मनी-नेदरलँड्सकडं मोटिव्हेशन लेटर, इंग्लंडमध्ये पर्सनल स्टेटमेंट. नावं वेगळी असली तरी विचारतात साधारण तेच. तुम्हाला काय शिकायचंय? त्यासाठी आतापर्यंत काय केलंय? आणि ते आमच्याकडंच येऊन का शिकायचंय? मुलांना वाटतं, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकदा लिहिली की काम झालं, तिसऱ्यात फक्त नाव बदलायचं. खरी गंमत उलटी आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदललं की पहिल्या दोनांतलं काय सांगायचं आणि काय गाळायचं, हेही बदलतं.

घरातलंच उदाहरण घ्या. रिश्त्यासाठी बनवलेला बायोडाटा व्हॉट्सॲपवर दहा घरी फिरतो. पण बोलणी करायला बसल्यावर खाला प्रत्येक घरी तेच बोलते का? एका घरी मुलीच्या शिक्षणाचं आधी सांगते, दुसऱ्या घरी घरकामाचं, तिसऱ्या घरी नातेवाइकांची ओळख काढते. मुलगी तीच, एक शब्द खोटा नाही. समोरच्या घराला काय विचारायचंय हे खालाला माहीत असतं, एवढंच. एसओपी म्हणजे बायोडाटा नाही, ती बोलणी आहे.

आपल्याकडं अडचण अशी की शाळेत आपल्याला लिहायला शिकवलं ते अर्ज. "महोदय, विनंती अर्ज करतो की माझी घरची परिस्थिती हलाखीची असून, तरी कृपा करून फी माफ करावी." हा साचा इतका अंगात मुरलाय की पदवी झाल्यावरही सुटत नाही. एसओपीत मुलं हात जोडून उभी राहतात. पहिल्या परिच्छेदात गरिबी, दुसऱ्यात स्वप्न, तिसऱ्यात 'आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात संधी मिळाल्यास मी आभारी राहीन'. निवड समितीतला प्राध्यापक फी माफ करायला बसलेला नसतो. येत्या वर्षी आपल्या वर्गात कोण बसणार, कुणाशी वाद घालता येईल, कोण प्रबंध वेळेत पूर्ण करेल, हे तो शोधत असतो. परिस्थिती लपवू नका, पण दयेसाठीही लिहू नका. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये उत्पन्नाचा रकाना वेगळा असतो, ती माहिती तिथं जाते.

आता कुणी म्हणेल, एका पत्रासाठी एवढा जीव काढायचा? आमच्या समाजात त्याचं कारण जरा वेगळं आहे. २०२२ साली केंद्र सरकारनं अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप बंद केली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच सुमारास थांबली. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण जागा मोजक्या आणि अटी कडक, त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी लागते. उरतं बँकेचं कर्ज. आणि आपल्या कितीतरी घरांत व्याजाचं कर्ज घेणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं. त्यावर मतं वेगवेगळी आहेत, आम्ही इथं फतवा द्यायला बसलेलो नाही. पण ज्या घरानं तो रस्ता बंद ठेवलाय, त्या घरातल्या मुलीला प्रवेश मिळून भागत नाही, शिष्यवृत्तीसकट प्रवेश लागतो. मार्क तर शंभर जणांचे सारखे असतात. शिष्यवृत्ती ठरवणारा माणूस मग पत्राकडंच वळतो.

त्या मुलीकडं परत येऊ. तिच्या पत्राची पहिली ओळ होती, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे आणि मला लहानपणापासून शेतीची आवड आहे.' आम्ही पत्र बाजूला ठेवलं आणि तिला एकच विचारलं, तुमच्या शेताला कालव्याचं पाणी कधी येतं?

ती अर्धा तास बोलत होती. वरचे लोक कालव्यातच मोटारी टाकतात. पाळी सुटली की टेलपर्यंत पाणी यायला किती दिवस लागतात, याचा हिशेब अब्बांच्या वहीत आहे. पाटकऱ्याला फोन, मग रात्री बॅटरी घेऊन चारीवर जागत बसायचं. हळद जूनमध्ये लावली की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जमिनीत, मधली एक पाळी चुकली की कंद भरत नाहीत. २००५ च्या कायद्यानं शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था झाली की पाणी मोजून मिळायला हवं, पण त्यांच्या भागात ती संस्था कागदावरच. शेवटच्या वर्षी कृषीकन्या म्हणून ती एका गावात राहिली, तेव्हा तिथंही हेच पाहिलं. यातला एकही शब्द पत्रात नव्हता. का नव्हता? तर म्हणाली, "हे तर सगळ्यांनाच माहीत असतं ना सर." हदगावात असतं. ग्योटिंगनमध्ये नसतं.

मग आम्ही तिला तिन्ही अभ्यासक्रमांची पानं नीट वाचायला लावली. रँकिंग आणि कॅम्पसचे फोटो सोडून द्यायचे. विषयांची यादी, कोणते विषय सक्तीचे, प्रबंध किती मोठा, शिकवणारे लोक सध्या कशावर काम करतायत, फील्डवर्क आहे का, एवढंच पाहायचं. एका कोर्सला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी लागते. ती दिली की फरक आपोआप दिसायला लागतो.

वागेनिंगनमध्ये तिनं निवडलेला कोर्स जमीन आणि पाणी व्यवस्थापनाचा. तिथं सिंचन म्हणजे नुसतं काँक्रीट आणि क्युसेक नसतं. पाणी कुणाला मिळतं, नियम कोण ठरवतं, शेतकरी आपसांत काय तडजोड करतात, हेही अभियांत्रिकीच्या बरोबरीनं शिकवतात. म्हणजे अब्बांची वही इथं पहिल्या परिच्छेदात यायला हवी. पत्राची सुरुवात तिनं अशी केली: 'आमच्या चारीवर पाणी पोचायला किती दिवस लागले, याची नोंद माझे वडील वहीत ठेवतात. कालव्याचं वेळापत्रक आणि ही वही कधीच जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, हे मला शिकायचं आहे.' पुढं पाणी वापर संस्थेचा मुद्दा आणि त्या कोर्समधले नेमके दोन विषय, ज्यांत हा प्रश्न पुढं नेता येईल.

ग्योटिंगनचा शाश्वत आंतरराष्ट्रीय शेतीचा कोर्स कासेल विद्यापीठासोबत चालतो. कासेलचा शेती विभाग वित्सेनहाउझेन नावाच्या छोट्या गावात आहे आणि त्याची ओळखच सेंद्रिय शेतीची. इथं वहीची गोष्ट घेऊन गेलो तर ती चार ओळींत संपवायची. इथं पुढं आणायचं ते हळदीच्या कंदकुजीवर तिनं केलेलं काम, ट्रायकोडर्मा दिलेला वाफा आणि न दिलेला वाफा, सोयाबीन-हरभरा-हळद अशी फेरपालट, मृदाशास्त्रातले मार्क. जर्मन विद्यापीठं मार्कशीटमधले विषय आणि क्रेडिट फार बारकाईनं बघतात, म्हणून भाषाही तशीच ठेवायची, मोजून-मापून. तिच्या प्रयोगात एक वाफा पावसात वाहून गेला होता. तो तिनं आधी लपवला होता. आम्ही म्हटलं, लिही. प्रयोग कुठं कच्चा राहिला हे ज्याला सांगता येतं, त्याला प्रयोग समजलेला असतो.

खर्चाचंही इथंच सांगून टाकतो. ग्योटिंगनसारख्या ठिकाणी शिकवणी फी जवळपास नाही, दर सेमिस्टरचं ठरावीक शुल्क असतं. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे जवळपास १२ हजार युरो दाखवावे लागतात किंवा शिष्यवृत्ती. इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये फीच मोठी आहे.

तिसरं पत्र सगळ्यात अवघड गेलं आणि सगळ्यात चांगलं झालं. आयडीएसमध्ये विकासाचं शास्त्र शिकवतात, शेती नाही. तिथल्या रॉबर्ट चेंबर्स यांचं नाव लोकसहभागातून गाव समजून घेण्याच्या पद्धतीशी जोडलेलं आहे, जिला आपल्याकडं 'पीआरए' म्हणतात. आता गंमत बघा. आपल्या कृषी विद्यापीठांची मुलं शेवटच्या वर्षी गावात जाऊन चौकात रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात. घरं, विहिरी, शाळा, रस्ते. फोटो काढतात, फाइलला लावतात, मार्क घेतात. तो नकाशा म्हणजेच पीआरए. या मुलीनंही तो काढला होता, आणि ज्या संस्थेत ती अर्ज करत होती तिचा त्या रांगोळीशी संबंध आहे हे तिला माहीत नव्हतं.

आम्ही विचारलं, नकाशा काढताना काय झालं? तिनं सांगितलं, गावातले चार मोठे लोक उभे राहून सांगत होते आणि मुली काढत होत्या. नकाशा पूर्ण झाला. मग पाणी भरून परतणाऱ्या दोन बायका थांबल्या आणि म्हणाल्या, आमची वस्ती कुठाय यात? ओढ्यापलीकडची पंधरा-वीस घरं नकाशात नव्हतीच. मुलींनी ती नंतर काढली, पण तोवर फोटो निघाला होता आणि फाइलमध्ये जुनाच फोटो लागला. हाच प्रसंग तिच्या आयडीएसच्या पत्राचा कणा झाला. लोकसहभाग म्हटला तरी नकाशा कोण सांगतं आणि कोण राहून जातं? वागेनिंगनच्या पत्रात हा प्रसंग एका वाक्यात होता. ग्योटिंगनच्या पत्रात नव्हताच.

तिन्ही पत्रांत मुलगी एकच आहे. एकही गोष्ट खोटी नाही, कुठंही स्वतःला दुसरीच कुणी म्हणून दाखवलेलं नाही.

हे काही आजचं तंत्र नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते तेव्हा १९१५ मध्ये त्यांनी एमएसाठी प्राचीन भारतातील व्यापारावर लिहिलं. तिथंच १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला निबंध जातींवर होता. लंडनच्या पदवीसाठीचा प्रबंध मात्र रुपयाच्या प्रश्नावर, म्हणजे चलन आणि ब्रिटिश सरकारचं धोरण. माणूस तोच, कुठल्या दारात कुठला प्रश्न घेऊन जायचा याची समज पक्की. आणि अगदी आपल्या काळातलं पाहायचं तर बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातले राजू केंद्रे बघा. शेतकरी कुटुंबातून निघून टिसमध्ये शिकले, पुढं चेवेनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये गेले. त्यांची एकलव्य ही संस्था आज पहिल्या पिढीच्या मुलांना अशाच अर्जांसाठी मार्गदर्शन करते. लोणार आपल्यापासून काही फार दूर नाही.

चेवेनिंगचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिथं साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, म्हणून या मुलीला यंदा ते नव्हतंच. तिथं एकच लांब पत्र नसतं, वेगवेगळे निबंध असतात आणि इंग्लंडमधले तीन कोर्स निवडावे लागतात. मुलं तीन विद्यापीठांतले तीन भलतेच कोर्स टाकतात, एक एमबीए, एक पर्यावरण, एक पत्रकारिता. वाचणाऱ्याला लगेच कळतं की याचं अजून ठरलेलं नाही. विद्यापीठाचं पत्र आणि शिष्यवृत्तीचा निबंध यांतही फरक आहे. विद्यापीठाला तुमचा अभ्यास हवा असतो, शिष्यवृत्ती देणाऱ्याला शिकल्यावर तुम्ही काय करणार ते हवं असतं. एकाचं उत्तर दुसऱ्यात चिकटवू नका.

सगळीकडं हे पत्र लागतंच असंही नाही. देशातल्या बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांत एमएचा प्रवेश सीयूईटी पीजीच्या गुणांवर होतो, तिथं एसओपी लिहीत बसण्यापेक्षा जुने पेपर सोडवा. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, आणि 'इथंच का' हा प्रश्न तिथं तोंडी येतो. पीएचडीला संशोधनाचा आराखडा लागतो. त्यात तर गाईड कोण, त्यांचं काम काय, हे न वाचता लिहिणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

मुली आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात. मुसलमान असल्याचं लिहायचं का? हिजाबचं लिहायचं का? आमचं मत असं की ते तुमच्या कामाच्या गोष्टीत येत असेल तर लिहा, आणि नसेल तर ओढून आणू नका. उर्दू माध्यमाच्या शाळेवर अभ्यास करणारी मुलगी तिथं शिकली असेल तर ते सांगायलाच हवं. कालव्याच्या पत्रात त्याची गरज पडली नाही. अमेरिकेत काही विद्यापीठं, उदाहरणार्थ बर्कली, एसओपी वेगळी आणि स्वतःच्या जडणघडणीचं पत्र वेगळं मागतात. तिथं दुसऱ्या पत्रात या गोष्टींना हक्काची जागा आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण जखम दाखवून प्रवेश मागायची सवय लागू नये असं वाटतं.

दुसरा प्रश्न चॅटजीपीटीचा, आणि शहरातल्या कन्सल्टन्सीचा. पैसे घेऊन पत्र लिहून देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून आलेली पत्रं आम्ही वाचली आहेत, एकाचं नाव झाकलं तर दुसऱ्याचं वाटेल अशी. एआयचंही तेच. इंग्रजी सफाईदार, आत कुणीच नाही. व्याकरण तपासायला वापरायचं तर आधी त्या विद्यापीठाचा नियम वाचा, काही ठिकाणी अर्जातच त्याबद्दल लिहून घेतात. आमचा उपाय जुनाच आहे. आधी आपल्या भाषेत बोला, मराठीत, उर्दूत, घरच्या दखनीत, जशी जमेल तशी. मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ते कागदावर उतरवा, शेवटी इंग्रजी करा. इंग्रजी साधं राहिलं तरी चालतं. शब्दमर्यादा मात्र पाळा, एक हजार म्हटलं असेल तर बाराशे नको.

वेळ किती लागतो? पहिलं पत्र तयार व्हायला तीन-चार आठवडे, त्यानंतरचं प्रत्येक पत्र चार-पाच दिवस. म्हणून आठ-दहा ठिकाणी अर्ज करायचा मोह आवरा. चार बरे. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना नुसतं "सर, लेटर पाहिजे" म्हणू नका. प्रत्येक विद्यापीठाचं तुमचं पत्र त्यांना आधी पाठवा, नाहीतर तुम्ही पाण्याबद्दल लिहिणार आणि ते तुमच्या गॅदरिंगमधल्या भाषणाबद्दल. फाइलच्या नावात विद्यापीठाचं नाव टाका. पाठवण्याआधी बाकीच्या सगळ्या विद्यापीठांची नावं त्या फाइलमध्ये सर्च करून बघा, एखादं सापडतंच.

त्या मुलीला पाच दिवसांत तिन्ही पत्रं जमणार नव्हती. पहिली तारीख तिनं सोडून दिली. रडली थोडी. तो अर्ज पुढच्या फेरीवर ढकलला आणि उरलेल्या दोन पत्रांना पूर्ण महिना दिला. पाठवायच्या आदल्या रात्री तिनं वागेनिंगनचं पत्र अब्बांना वाचून दाखवलं, एकेक ओळ इंग्रजीत आणि मग घरच्या बोलीत. अब्बा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग उठून वही आणली, चष्मा लावला, पान उलटलं आणि म्हणाले, "बेटा, ती दुसरी पाळी आपल्याला नवव्या दिवशी नाही, अकराव्या दिवशी आली होती." तिनं लॅपटॉप उघडला आणि नऊचे अकरा केले.